गोड्या विहिरीची घागर

आमच्या अमरावतीच्या घरात वरण दोन भांड्यांत शिजायचं. मोठ्या पितळी पातेल्यात सगळ्यांचं, आणि चुलीच्या वैलावर एका लहान तपेलीत काशीआत्याचं. त्या तपेलीत मीठ पडत नसे. भाजीसुद्धा तिच्यापुरती आधी काढून ठेवायची आणि मग उरलेल्या भाजीला मीठ लावायचं. घरात नवी सून आली की आई तिला सगळ्यांत आधी हेच दाखवी, की ही तपेली आत्याची, हिला मिठाचा हात लावायचा नाही. कुणी कारण विचारलं तर आई म्हणे, "त्यायचा नेम आहे," आणि तेवढ्यावर भागायचं, कारण आमच्याकडे विधवेच्या नेमाची चौकशी करायची पद्धत नव्हती. सतरा वर्षं मी त्या तपेलीच्या शेजारी मांडी घालून जेवलो. वरणात मीठ कमी पडलं म्हणून बायकोवर रागावलोसुद्धा. आणि त्या तपेलीला कारण मी आहे, हे मला सतराही वर्षं ठाऊक होतं.

या आठवणी लिहायला घेतल्या तेव्हा हे प्रकरण नव्हतं. 'त्या वर्षी हिवाळ्यात आम्ही गलबतातून गोकर्णास गेलो' अशी एकच ओळ मी लिहिली होती. माझ्या मुलीनं कागद वाचले आणि म्हणाली, "बाबा, वऱ्हाडातला माणूस पंधरा-वीस दिवस समुद्रात राहून आला, आणि त्यावर एक ओळ?" मी तिला म्हणालो, सांगण्यासारखं काही घडलं नाही. पन्नाशी उलटल्यावरही जीभ अशी सवयीनं खोटं बोलते. ती ओळ मी आज खोडली आहे.

काशीआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिचं सासर अकोल्याला, मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात. तिचे यजमान, आमचे आतोबा, शाळामास्तर होते. अकोल्याकडचा पुष्कळसा मुलूख खारपाणाचा आहे. तिथं विहीर खणली तर पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. अशा ठिकाणी आतोबांनी परसात विहीर खणायला काढली तेव्हा गल्लीतले लोक येता-जाता विचारत, "का मास्तर, मिठाचा कारखाना काढून राहिले काय?" आतोबा हसत. पाणी लागलं त्या दिवशी त्यांनी पहिली ओंजळ आत्याला चाखायला दिली, कारण पाण्याच्या बाबतीत तिची जीभ मोठी तीक्ष्ण. डोळे मिटून घोट घेतला तर कोणत्या विहिरीचं ते सांगायची. तिनं घोट घेतला आणि रडायलाच लागली. पाणी गोड होतं. आतोबांनी तिथल्या तिथं शब्द दिला, की या विहिरीची एक घागर गोकर्णाला कुलस्वामीच्या पिंडीवर ओतीन. पुढे सगळी गल्ली त्या विहिरीवर पाणी भरू लागली, पण आतोबांचं गोकर्ण आज-उद्या करत राहिलं, आणि एका भादव्यात ते तापानं गेले. शब्द आत्याच्या अंगावर आला.

वडील अमरावतीला वकिली करत. त्यांच्या एका पक्षकार शेटजींचं गलबत मुंबईहून सरकीची पेंड भरून खाली दक्षिणेला जायचं. शेटजींनी आग्रह केला, की वकीलसाहेब, आपल्याच गलबतातून चला. आगबोटीनं हा प्रवास दोन-तीन दिवसांत झाला असता, पण आत्या आगबोटीला तयार नव्हती. "तिथं साऱ्यायचं पानी एका टाकीत. गलबतात आपली चूल आपली, आपलं पानी आपलं," ती म्हणाली. आत्या, वडील आणि मी असे तिघं निघालो; आमच्यापैकी कुणीही समुद्र पाहिलेला नव्हता. सरकीच्या पोत्यांवर बसून जायचं म्हणजे बैलांच्या दमणीत बसून धारणीला जाण्यासारखंच काहीतरी असणार, वाटेत झाड दिसलं की उतरायचं आणि दगडांची चूल मांडायची, अशीच आमची समजूत. त्या समजुतीनं आत्यानं सामान बांधलं : गोवऱ्यांचं पोतं, दगडी पाटा, जवसाची चटणी, मुगवड्या, कुरडया, रोडग्यांसाठी जाडसर कणीक, आणि पन्नासेक संत्री. मुंबईच्या बंदरात तांडेलानं, म्हणजे गलबताच्या म्होरक्यानं, ते सगळं पाहिलं. रत्नागिरीकडचा खारवी होता तो, बुटका आणि रुंद. म्हणाला, "ताई, बैल तेवढे इसरलात."

आणि ती घागर. तांब्याची, आतोबांच्या विहिरीच्या पाण्यानं काठोकाठ भरलेली. तोंडावर केळीचं पान, पानावर आतोबांच्या धोतराचं फडकं, आणि फडक्यावर कणकेचा जाड लेप थापून वाळवलेला. अकोल्यापासून मुंबईपर्यंत आगगाडीत ती माझ्या मांडीवर होती. मी मॅट्रिकला दुसऱ्यांदा बसलो होतो. बरोबरीची मुलं नागपूरला कॉलेजात गेली होती. नापास झालेल्या अठरा वर्षांच्या मुलाला घागर उचलण्याशिवाय दुसरं काम नव्हतं, आणि हे मला घरातल्या प्रत्येकानं या ना त्या प्रकारे ऐकवलं होतं.

गलबतातलं पहिलं जे आठवतं ते म्हणजे काहीच थांबत नाही हे. फळ्या कुरकुरत, दोर डोलकाठीला घासत, शीड फडफडे, पाणी सारखं काहीतरी चाटत असल्यासारखं बाजूला वाजे. घरी मी बेचैन झालो की सायकल काढून बडनेऱ्याच्या रस्त्यानं सुटत असे. इथं उठायचं, बारा पावलं पुढे जायचं, बारा पावलं मागे यायचं, परत बसायचं. खाली पोत्यांमधून सरकीच्या पेंडीचा वास वर येई. तो वास आमच्या गोठ्याचा. डोळे मिटले की मी अमरावतीत असे आणि उघडले की चहूकडे ते हलणारं, न संपणारं पाणी. वडील पहिल्या दिवशीच आडवे झाले. कोर्टात समोरच्या वकिलाला घाम फोडणारा माणूस घोंगडीवर पडून संत्र्याची साल हुंगत होता. "दादा, वरन-भात खाता का थोडा?" असं आत्यानं विचारलं की ते नुसता हात हलवत.

आत्या मात्र त्या फळ्यांवर अशी वावरे जशी काही अकोल्याच्या परसात आहे. तिच्यासाठी लाकडी पेटीत माती लिंपून केलेली चूल गलबताच्या मागच्या अंगाला होती, खलाशांची पुढे. ते भात आणि मासळी रांधत. वारा पुढून आला की त्यांच्या कालवणाचा वास आत्याच्या चुलीवर येई आणि ती नाकाला पदर लावून म्हणे, "वाऱ्याले काही सोवळं-ओवळं कळत नाही बाई." पण चटणी वाटली की वाटीभर पुढे पाठवायची. खलाशांना जवसाची चटणी फार आवडली. त्यांच्यात दाऊद नावाचा एक म्हातारा होता, सुकाणूवर बसायचा, चटणी खाऊन तो ओरडला, "माई, इस में तो आग है! तुम्हारे मुलुक में लोग जलते नहीं?" आत्या म्हणाली, "जळतात ना. काहून नाई जळनार. वैशाखात ये एकदा." दाऊदशी माझी गट्टी जमली. त्यानं मला दोराच्या गाठी शिकवल्या, ढगाचा रंग बघून वाऱ्याचा अंदाज शिकवला. मला तो 'वऱ्हाडी बाबू' म्हणे. दर बंदरात होडी उतरली की तो आणि मी आमच्या दोन कळश्या घेऊन किनाऱ्यावरच्या विहिरीवर जात असू. आत्या ते पाणी प्यायची. खलाशांचं पाणी वेगळं, मोठ्या लाकडी टाकीत असे. आणि घागर मागच्या कोपऱ्यात, दोन पोत्यांच्या बेचक्यात, गोधडीखाली. रोज सकाळी आत्या तिच्यावर एक फूल नाही तर चार अक्षता वाही, बोटाच्या पेराने घागरीच्या पोटावर टकटक करी आणि भरीव आवाज आला की पुढच्या कामाला लागे.

आंघोळ समुद्राच्या पाण्यानं करायची. बादली दोराला बांधून सोडायची, ओढायची, अंगावर घ्यायची. पहिले दोन दिवस मजा वाटली. मग अंगावर मीठ वाळू लागलं. जानव्याखाली लाल रेघ उठली, काखेत आणि जांघेत पुरळ आलं, केस काथ्यासारखे झाले. मी दिवसभर खाजवत असे. एका जागी पाच मिनिटं बसवत नसे. एकदा मी कळशीतलं तांब्याभर पाणी मागितलं तर आत्या म्हणाली, "प्यायचं पानी अंगावर घेतो काय बे? गोकर्णाले गेल्यावर घे हवी तेवढी आंघोळ." तिचं बरोबरच होतं. पण मला वाटलं, सगळ्या जगात माझ्यावरच कुणीतरी टपून बसलं आहे.

रत्नागिरी मागे पडल्यानंतरची एक दुपार. वडील झोपलेले. आत्या शिडाच्या सावलीत डोक्याखाली हात घेऊन कलंडलेली. मी घागरीजवळ गेलो. कणकेचा लेप चाकूच्या टोकानं कडेकडेनं सोडवला. अख्खी चकती निघाली. फडकं काढलं, पान काढलं. एकच तांब्या घ्यायचा, असं मी स्वतःला सांगितलं. तो तांब्या डोक्यावर ओतला आणि मला काय झालं ते आज चाळीस वर्षांनीही नीट सांगता येत नाही. त्या पाण्याला तांब्याचा वास होता, केळीच्या पानाचा होता, आणि त्याखाली अकोल्याच्या परसातल्या ओल्या मातीचा. मी दुसरा तांब्या घेतला. मग तिसरा. थांबलो तेव्हा घागर अर्धी झाली होती.

मग भीती वाटली. सकाळी आत्या पेर वाजवणार आणि आवाज पोकळ येणार. मी बादली सोडली आणि घागर समुद्राच्या पाण्यानं भरली. मनाशी म्हणालो, पिंडीवरच तर ओतायचं आहे. महादेव काही चाखून बघत नाही, आणि समुद्र काय, तो तर गोकर्णाला त्याच्या पायाशीच आहे. पान ठेवलं, फडकं बांधलं, आत्याच्याच डब्यातली कणीक खाऱ्या पाण्यात भिजवून नवा लेप थापला. उन्हात तासाभरात वाळला. मान वर केली तर सुकाणूवरून दाऊद बघत होता. घागर कसली आहे हे त्याला माहीत होतं, आत्यानं आतोबांची सगळी गोष्ट त्याला सांगितली होती. त्यानं माझ्या ओल्या केसांकडे पाहिलं, घागरीकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाला, "नहा लिया, बाबू? मीठे पानी से? राजा है तू तो." मी ओठांवर बोट ठेवलं. तो हसला नाही. समोर बघायला लागला.

त्यानंतर मला बसवतही नसे आणि उभंही राहवत नसे. रोज सकाळची ती टकटक ऐकू आली की मी पुढच्या टोकाला जाऊन उभा राही. गोकर्ण एकदा येऊन जाऊ दे, एवढंच मनात असे.

वेंगुर्ल्याच्या अलीकडे वारा पडला. शीड ओल्या धोतरासारखं लोंबत राहिलं. किनारा दिसत होता, पण लांबवर, निळ्या रेघेसारखा. दोन दिवस गलबत एका जागी हेलकावत उभं होतं. तांडेल म्हणाला, "दर्या झोपलाय, वकीलसाहेब. तो उठल्याबिगर आपन नाय उठनार." दाऊदला आदल्या दिवसापासून ताप भरला होता. तशात टाकीची एक फळी उकललेली सापडली. खलाशांचं पाणी खाली पोत्यांत झिरपून गेलं होतं. आत्यानं आमच्या कळश्या काही न बोलता पुढे पाठवल्या. त्या संध्याकाळपर्यंत संपल्या. दुसऱ्या दिवशी उजाडताच तांडेलानं दोन माणसं होडीतून किनाऱ्याकडे पाणी आणायला धाडली. दुपार टळेल यायला, असं त्यानं सांगितलं. आम्हा बाकीच्यांना तेवढा वेळ काढणं कठीण नव्हतं. वडिलांजवळ चार संत्री होती, त्यांच्या फोडी सगळ्यांना वाटल्या. पण दाऊदच्या पोटात फोड टिकेना. तो पोत्यांवर पडला होता, ओठ फुटले होते, आणि थोड्या-थोड्या वेळानं तो एकच शब्द म्हणत होता. पानी.

आत्या घागरीजवळ जाऊन बसली. गोधडी बाजूला केली आणि हात कणकेच्या लेपावर ठेवला. मी तिच्या समोर बसलो. तिनं मला विचारलं, "काय करू रे?"

इथंच माझं खरं पाप आहे. पाणी सांडलं ते पोरवयात सांडलं, त्याची काय ती शिक्षा झाली असती. पण त्या वेळी मी म्हणालो, "नको उघडू आत्या. देवाचं आहे. आतोबांचा शब्द आहे. होडी येऊनच राहिली." आयुष्यात एवढ्या सात्त्विक आवाजात मी पुन्हा कधी बोललेलो नाही. तिनं वडिलांकडे पाहिलं. ते म्हणाले, "काशे, पाणी तुझं आहे. तूच ठरव." ती बसून राहिली. दाऊद पाणी म्हणायचा आणि तिची बोटं लेपावर हलायची. मी म्हणायचो, "ते पाहा, होडीच दिसून राहिली ना?" आणि होडी नसायची. ऊन डोक्यावर आलं. सकाळची सगळी वेळ मी तिला आतोबांचं नाव घेऊन तिथं बसवून ठेवलं.

शेवटी ती उठली. "सरक बाजूले," म्हणाली. मी सरकलो नाही. तिनं मला ढकललं. इतक्या जोरानं, की मी पोत्यावर पडलो. लेप मुठीनं फोडला, फडकं ओढलं, वाटी बुडवली आणि ती वाटी घेऊन, सोवळं-ओवळं सगळं विसरून, दाऊदच्या उशाशी जाऊन बसली. त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो घाईनं प्यायला. दोन घोट गेले आणि त्याचं तोंड थांबलं. त्यानं डोळे उघडले आणि तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी वाट बघत होतो. तो म्हणाला, "बस, माई. प्यास गयी." आणि मग कूस वळवून ते दोन घोटही ओकला.

आत्याला काही कळेना. तिनं घागरीतलं थोडं ओंजळीत घेऊन स्वतःच्या जिभेवर घेतलं, डोळे मिटून, तिच्या सवयीप्रमाणे. बराच वेळ तिनं डोळे उघडले नाहीत. "खारं झालं," ती म्हणाली.

तांडेलानं चाखलं, थुंकला. "लाट शिरली असंल आत, ताई."

"लेप अख्खा होता. कोरडा होता. मी माह्या हातानं फोडला ना."

वडील कोपरावर उठून बसले. "अकोल्याचंच पाणी आहे शेवटी. तांब्यात इतके दिवस राहिलं, उतरला असेल मूळचा गुण." अर्धं गोड आणि अर्धं समुद्राचं, म्हणजे चव नेमकी आमच्याकडच्या वाईट विहिरींसारखीच आली होती. वडिलांना ते पटण्यासारखं होतं. आत्याला नाही.

"नाही दादा," ती म्हणाली. "सकाळी देल्लं असतं तं गोड राहिलं असतं. तो तान्हेला पडला होता अन् मी देवाचं देवाचं करत बसली. देवानं पानी वापस घेतलं."

मी तिच्यापासून चार हातांवर होतो. बोलायला एवढंच पुरेसं होतं, की आत्या, ते मी केलं. चार शब्द. मी उठलो आणि पुढच्या टोकाला जाऊन उभा राहिलो. तिथून मला होडी दिसली, या वेळी खरी.

दाऊद मेला नाही. होडीतलं पाणी पिऊन तो झोपला. तिसऱ्या प्रहरी वारा उठला. दुसऱ्या दिवशी वेंगुर्ल्याला तांडेलानं त्याला एका ओळखीच्या घरी उतरवलं. दोघांनी धरून होडीत बसवताना त्यानं मला जवळ बोलावलं. मला वाटलं आता बोलेल. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "नहाना कम कर, बाबू," एवढंच म्हणाला. पुढे तो बरा झाला की नाही, हे मला माहीत नाही. शेटजींच्या पेढीवर पत्र टाकून विचारता आलं असतं. ते मी केलं नाही.

गोकर्णाला आत्यानं घागर किनाऱ्यावर नेली आणि समुद्रात रिकामी केली. रिकामी घागर घेऊन देवळात गेली, पिंडीसमोर पालथी ठेवली, नमस्कार केला. उपाध्यांच्या घरी पानं वाढली तेव्हा तिनं पानावरचं मीठ बोटानं बाहेर सारलं. वरण पुढे आलं तर विचारलं, मीठ आहे काय. वडील म्हणाले, "काशे, हे काय नवीन?" ती म्हणाली, "दाऊदले मी मीठ पाजलं. आता माह्या ताटातलं बंद." त्यानंतर तिनं अकोल्याचं घर भाड्यानं दिलं आणि ती आमच्याकडे राहायला आली. त्या विहिरीचं पाणी ती पुन्हा प्यायली नाही.

मी मॅट्रिक झालो, शाळेत मास्तर झालो, लग्न झालं. सांगायचं तीनदा ठरवलं. एकदा लग्नाच्या आदल्या दिवशी, एकदा वडील गेले तेव्हा, एकदा मुलगी झाली तेव्हा. प्रत्येक वेळी ती काहीतरी करत असायची, पाट्यावर वाटत किंवा वाती वळत, आणि मी तिथून उठून बाहेर फिरायला जायचो. माझ्या बायकोला, सुमतीला, वाटे की मला पायांचा काही विकार आहे, एका जागी बसवतच नाही.

मग तो वैशाख आला. परसातल्या बाजेवर सांडगे घालता घालता आत्या भर उन्हात कोसळली. पोटऱ्यांत गोळे आले, हातपाय वळू लागले. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, अंगातलं मीठ गेलं आहे यांच्या. कैरीचं पन्हं करा, मीठ चांगलं घाला, अन् घोटघोट देत राहा. नाहीतर मी काही सांगू शकत नाही. सुमतीनं पन्हं केलं. आत्यानं वाटी नाकाशी नेली आणि दात आवळून घेतले. सुमती रडकुंडीला आली. "घ्या ना आत्याबाई, औषध आहे हे." आत्या डोळ्यांनीच नाही म्हणाली.

मी तिच्या उशाशी बसलो. "आत्या," मी म्हणालो, "गलबतावर ती घागर मी उघडली होती. अर्धं पाणी मी अंगावर घेतलं. समुद्राचं भरून ठेवलं. लेप मी थापला होता."

बाहेर लू वाहत होती, खिडकीला लावलेल्या वाळ्याच्या तट्ट्यातून आवाज येत होता. आत्या छताकडे बघत होती. मला वाटलं तिला कळलंच नाही, म्हणून मी सगळं पुन्हा सांगू लागलो. तिनं हातानं थांबवलं.

"म्हनजे माह्यावर कोनी रागावलंच नव्हतं?"

मी मानेनंच नाही म्हटलं.

"अन् दाऊदले ठाव होतं?"

"हो. त्यानं पाहिलं होतं."

"तरी बोलला नाही." तिनं माझ्याकडे पाहिलं. "अन् तू मले सांगत होता, देवाचं आहे, उघडू नको."

"हो."

मी वाटी उचलली आणि तिच्या ओठांजवळ नेली. तिनं मान वळवली. "तू नको," ती म्हणाली. "सुमे, तू दे."

ती वाचली. त्या दिवसानंतर लहान तपेली फळीवर चढली ती पुन्हा खाली आली नाही. आत्या सगळ्यांबरोबर मिठाचं जेवू लागली. माझ्याशी ती पहिल्यासारखीच बोले, शाळेची चौकशी करी, संत्र्याच्या फोडी सोलून माझ्या ताटात टाकी. पण माझ्या हातचं पाणी तिनं घेतलं नाही. मी तांब्या भरून तिच्याजवळ ठेवला, की ती थोड्या वेळानं उठायची, तो तुळशीत ओतायची, आणि विहिरीवर जाऊन आपला आपण भरून आणायची. यात राग दिसत नसे. मीही तांब्या ठेवायचं थांबवलं नाही. चार वर्षं असं चाललं.

तिचं आता फार दिवस नाही असं दिसू लागलं तेव्हा मी सकाळच्या गाडीनं अकोल्याला गेलो आणि जुन्या शहरातल्या त्या विहिरीवरून तांब्याभर पाणी घेऊन दुपारी परत आलो. तांब्याच्या तोंडाला फडकं बांधलं होतं. लेप लावायचं धैर्य झालं नाही. घरी आलो तर आत्याभोवती सगळे जमले होते. सुमती तुळशीचं पान आणि पळी घेऊन बसली होती. आत्यानं माझ्या हातातला तांब्या पाहिला.

"कुठचं?"

"तुझ्या विहिरीचं. आतोबांच्या."

सुमतीनं पळी पुढे केली होती. आत्यानं तिचा हात बाजूला सारला आणि मला खुणेनं जवळ बोलावलं.

"तू दे," ती म्हणाली. "पन आधी तू चाखून पाह्य."

मी ओंजळीत पाणी घेतलं आणि प्यायलो. सगळे माझ्याकडे बघत होते. तिला उष्टं चालत नसे. सगळ्या जन्मात कधी चाललं नव्हतं.

"गोड आहे, आत्या," मी म्हणालो.

मग तिनं तोंड उघडलं.